पाच लिंबं पिळली तरी पट्टी का हलंना?

श्रावणाच्या तोंडावर मामांचा फोन आला. मामा निलंग्याकडं असतात, सोयाबीन आणि थोडी तूर. फवारणीचं औषध आणायला गेले तर दुकानदारानं सोबत एक छोटी बाटली गळ्यात मारायचा प्रयत्न केला. म्हणे, तुमच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) जास्त आहे, हे टाका आणि साडेपाचवर आणा, नाहीतर औषध वाया जातंय. मामा मुळात चिकट. लिंबू पिळलं की पाणी आंबट होतंच, त्याला बाटली कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांनी नुसत्या सामू बघायच्या कागदी पट्ट्या घेतल्या आणि घरी येऊन पंधरा लिटरच्या बादलीत प्रयोग मांडला.

"पहिल्या लिंबाला पट्टी आठावरनं सातावर आली बग. म्हणलं, झालं काम. मग दुसरं पिळलं, तिसरं, चौथं, पाचवं. पट्टी काय हलंना गड्या! सहा आन् सातच्या मधी घुटमळाय लागली. अंधार पडला म्हणून तसंच ठिवलं. सकाळी बगतोय तर परत आठाकडं सरकलेली. तू तिकडं पोरांना केमिस्ट्री शिकवतोस न्हवं? सांग, पाण्यात काय हाय?"

मी लातूरला बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. नीटची तयारी करणारी हुशार पोरं ज्या धड्याला वचकून असतात, तो धडा मामांनी बादलीत करून दाखवला होता. पाण्यात बफर आहे. बफर म्हणजे असं द्रावण, की ज्यात थोडं आम्ल किंवा थोडी आम्लारी टाकली तरी सामू फारसा हलत नाही. व्याख्या पोरांना पाठ असते. अडतं ते पुढं. का हलत नाही, आणि शेवटी कधी हलतो?

आधी सामूचं बघू

सामू म्हणजे पीएच. पाण्यात हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे हायड्रोजन आयन, किती मोकळे फिरतायत त्याचं माप. आम्ही वर्गात त्यांना 'एच-प्लस' म्हणतो, इथंही तेच म्हणू. आम्ल म्हणजे एच-प्लस सोडणारा पदार्थ, आम्लारी म्हणजे तो पकडणारा. लिंबू, चिंच, ताक सोडणाऱ्यांत. चुना, खायचा सोडा, पापडखार पकडणाऱ्यांत.

हे माप उलटं चालतं. एच-प्लस वाढले की सामू उतरतो. आणि ते पायरीपायरीनं नाही, दहापटीनं चालतं. सामू ७ आणि ६ यांच्यात एच-प्लसचा फरक दहापट, ७ आणि ५ यांच्यात शंभरपट. ही मोजणी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं सुरू केली. प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याची होती. बिअरवाल्यांच्या घरातलं माप आज आपल्या माती परीक्षणाच्या कागदावर आणि आयसीयूतल्या रक्ताच्या रिपोर्टवर छापून येतं.

शुद्ध पाण्याचा सामू ७. त्यात एच-प्लस इतके कमी असतात की बाहेरून चिमूटभर आले तरी उलथापालथ होते. एक लिटर शुद्ध पाण्यात दाट हायड्रोक्लोरिक आम्ल एक मिलीपेक्षाही कमी टाकलं, की सामू ७ वरून थेट २ वर येतो. म्हणजे एच-प्लस एक लाख पटीनं वाढले. ही कल्पना मनात ठेवा, कारण पुढं याच्याशी तुलना करायची आहे.

तुरीचं गोदाम

वर्गात मी बफर शिकवताना फळ्यावर सूत्र लिहीत नाही, अडत बाजार काढतो. लातूरच्या पोरांना तो लगेच कळतो.

समजा एका बाजारात गोदामच नाही. सकाळी तुरीच्या चार गाड्या जास्त आल्या की भाव कोसळला. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या कमी आल्या की भाव आभाळाला. हे शुद्ध पाणी.

आता त्याच बाजारात एक मोठं गोदाम आहे, निम्मं भरलेलं, निम्मं रिकामं. आवक वाढली की जादा माल रिकाम्या खणांत जातो. माल कमी पडला की भरलेल्या खणांतून बाहेर येतो. बाजारात मोकळा फिरणारा माल जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून भावही जागेवर राहतो. सरकार डाळींचा बफर स्टॉक ठेवतं हे आपण बातम्यांत वाचतोच. शब्द तोच आहे आणि युक्तीही तीच.

इथं तूर म्हणजे एच-प्लस आणि भाव म्हणजे सामू. आवक वाढली की भाव उतरतो, तसं एच-प्लस वाढले की सामू उतरतो. भरलेला खण म्हणजे सौम्य आम्ल, एच-प्लस घट्ट धरून बसलेलं, गरज पडली तरच सोडणारं. रिकामा खण म्हणजे त्याच आम्लाचा एच-प्लस काढून घेतल्यावर उरलेला भाग, तो पकडायला तयार असतो. बफरला दोन्ही लागतात. नुसतं भरलेलं गोदाम नवी आवक घेऊ शकत नाही, नुसतं रिकामं गोदाम टंचाईत काही देऊ शकत नाही.

आम्ल सौम्यच का लागतं, हा प्रश्न दरवर्षी एक तरी पोरगं विचारतं. हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र आम्ल म्हणजे दार नसलेलं गोदाम. माल आत ठेवला की सगळा रस्त्यावर. त्यात काही साठत नाही, त्यामुळं त्याचा या कामाला उपयोग नाही.

प्रत्येक गोदामाचा स्वतःचा एक 'मधला भाव' असतो. ज्या सामूला ते बरोबर अर्धं भरलेलं असतं, तो आकडा. पुस्तकात त्याला पीके-ए म्हणतात, आपण मधला भावच म्हणू. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचा मधला भाव ४.७६. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण ६.३५. सामू मधल्या भावाजवळ असला की गोदाम सगळ्यात दणकट, दोन्हीकडचा धक्का सोसतं. मधल्या भावापासून एक-दीड अंक लांब गेलं की एका बाजूचे खण संपत आलेले असतात.

धक्का किती बसतो, आकड्यांत

एक लिटर पाण्यात ॲसिटिक आम्ल (भरलेले खण) आणि सोडियम ॲसिटेट (रिकामे खण) सारख्या प्रमाणात घेऊ, दोन्ही ०.१ मोल (मोल म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचं माप). सामू ४.७६. मघाशी शुद्ध पाण्याला ७ वरून २ वर आपटणारा तोच हायड्रोक्लोरिकचा डोस यात टाकला, तर सामू येतो ४.६७ वर. पट्टीवर हा फरक दिसणारही नाही.

पण डोस देत राहा. पाचव्या डोसानंतर ४.२८. नवव्यानंतर साधारण साडेतीन. दहाव्याला रिकामे खण संपले, सामू २.७. अकराव्या डोसाला बाजार उघड्यावर आला आणि सामू २.

माझ्या मते धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि पुस्तकं ती एका ओळीत उरकतात. बफर मोडायच्या आधी फारशी ओरड करत नाही. बराच वेळ काहीच झालं नाही असं वाटतं आणि मग अचानक सगळं घसरतं. शिवाय सामूचा आकडा नुसता भाव सांगतो, गोदाम केवढं आहे ते सांगत नाही. ४.७६ सामू असलेलं एक द्रावण दोन थेंबांत ढासळेल, दुसरं बादलीभर आम्ल पचवेल. पट्टी दोघांनाही एकच रंग दाखवते.

मामांच्या बादलीत काय झालं

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, वाटेतला चुना विरघळवतं आणि बायकार्बोनेट होऊन खाली जातं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हापासून इथं पाणी म्हटलं की 'किती' एवढंच विचारायची सवय लागली. 'कसं' हा प्रश्न मागं पडतो.

बायकार्बोनेट म्हणजे रिकामा खण. त्यानं एच-प्लस पकडला की तो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतो, म्हणजे भरलेला खण. मधला भाव ६.३५.

मामांकडं पाण्याचा एक जुना रिपोर्ट होता. त्यात सामूच्या खाली 'अल्कलिनिटी ४००' असं लिहिलेलं. हा आकडा कुणी वाचत नाही, पण गोदामाचा आकार तोच सांगतो. पाण्याची आम्ल पचवायची ताकद, लिटरमागं ४०० मिलिग्रॅम चुनखडीइतकी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा २०० धरलीय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे मामांचं पाणी काही जगावेगळं नाही.

आता हिशोब करू. अशा पंधरा लिटर पाण्यात, सोयीसाठी समजा, १२० खण आहेत. सामू ८ ला त्यातले ११७ रिकामे आणि ३ भरलेले. एका कागदी लिंबात साधारण एक ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं, त्यानं सुरुवातीला पंधराएक खण भरतात. पहिल्या लिंबानंतर १०२ रिकामे, १८ भरलेले. सामू खणांच्या गुणोत्तरावर ठरतो, आणि ते ३९ पटींवरून एकदम सहापटींच्या खाली आलं. म्हणून पट्टी आठावरून झटक्यात सातावर. मामा खूश. पण पुढची चार लिंबं गोदामाच्या मधल्या, दणकट भागात पडली. पाचव्याच्या शेवटी ५४ रिकामे, ६६ भरलेले आणि सामू ६.३ च्या जवळ. पहिल्या एका लिंबानं जेवढं हलवलं, साधारण तेवढंच हलवायला पुढची चार लिंबं लागली.

साडेपाचवर यायला अशी आणखी पाच लिंबं लागली असती. किंवा एकूण दहा ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सुटं सायट्रिक आम्ल, जे किराणा दुकानात सुटं मिळतं.

सकाळी सामू परत चढला, त्यात भूतबाधा काही नाही. या गोदामाचा भरलेला खण म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि तो वायू आहे. उघड्या बादलीत रात्रभर तो हवेत निघून गेला, सोडा वॉटरचा फसफसाट जसा जातो तसा. भरलेले खण मागच्या दारानं रिकामे झाले, गुणोत्तर परत वाढलं, सामू वर गेला. बंबाच्या आत पांढरा थर बसतो तोही याच वाटेनं. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड पळतो आणि उरलेल्या बायकार्बोनेटचा चुना होऊन चिकटतो. (बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार मात्र जास्त करून कॅल्शियमची आहे, तिचा बफरशी थेट संबंध नाही.)

मग दुकानदार खरं बोलत होता का?

अर्धं खरं. काही कीटकनाशकं, विशेषतः ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली, आम्लारीधर्मी पाण्यात हळूहळू तुटतात. कॅप्टन हे बुरशीनाशक तर फारच झपाट्यानं. पण बहुतेक औषधांचं हे तुटणं तासांचं काम आहे, मिनिटांचं नाही. पंप भरून लगेच फवारलात तर सामू ८ नं फार बिघडत नाही. सकाळी टाकीत कालवून संध्याकाळी फवारणाऱ्यानं काळजी करावी.

आणि प्रत्येक औषधाला आंबट पाणी चालतच नाही. तांबेयुक्त बुरशीनाशकात पाणी आम्लधर्मी झालं की तांबं जास्त विरघळतं आणि पानं करपतात. जालन्याकडचे मोसंबीवाले खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद आणि चुना कालवून. त्यात चुना मुद्दाम असतो. कुणी सामू सुधारायच्या नादात तिथं लिंबू पिळलं तर केलेलं काम पाण्यात. औषधाच्या लेबलावर लिहिलेलं असतं, अक्षर बारीक असतं एवढंच.

बाटली घ्यायची तरी आधी पाण्याची अल्कलिनिटी बघा. गोदाम माहीत नसताना 'पंपाला दोन झाकणं' हे माप सगळ्यांना सारखं लागू पडूच शकत नाही. अल्कलिनिटी १०० असलेल्या विहिरीच्या पाण्याला दोन झाकणं फार होतील, ४०० च्या बोअरला पुरणार नाहीत. आणि कुणी सांगितलं म्हणून बॅटरीचं ॲसिड वगैरे हाताळू नका. सायट्रिक आम्लाचं स्वतःचं तीन खणांचं गोदाम असतं, त्यामुळं त्याचा हात थोडा जास्त पडला तरी ते सावकाश उतरतं. तीव्र आम्लाचा तोच हात पडला तर वर सांगितलेला अकरावा डोस होतो.

जमीन: सगळ्यात मोठं गोदाम

जुलैत पाऊस लागून राहिला की सोयाबीन पिवळं पडतं. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर बहुधा लोहाची उपासमार. गंमत अशी की आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर आहे, बेसॉल्टच्या खडकापासूनच ती झालीय. पण सामू एका अंकानं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजारपटीनं कमी होतं. ताटात जेवण आहे, पण ताट कुलुपात.

मग कुणीतरी सांगतं, एकरी दहा किलो गंधक टाका, सामू उतरतो. दहा किलो गंधकानं काय होतं ते काढून बघू.

एक एकरातली वरची अर्धा फूट माती साधारण नऊ लाख किलो भरते. त्यात पाच टक्के चुनखडी धरू, मराठवाड्यात ही काही टोकाची गोष्ट नाही. म्हणजे ४५ टन चुना. गंधकाचं जमिनीतले जिवाणू सल्फ्युरिक आम्ल करतात, त्यालाही ओल आणि आठवडे लागतात. ३२ किलो गंधकातून झालेलं आम्ल १०० किलो चुना संपवतं. या हिशोबानं दहा किलो गंधक ३१ किलो चुना खाईल. ४५,००० किलोपैकी ३१. सगळा संपवायला चौदा टनांवर गंधक लागेल, तेही एका एकराला.

जोवर चुनखडी शिल्लक आहे तोवर जमिनीचा सामू ८ च्या आसपास येऊन बसणार. चुना, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल ८.३ च्या जवळ पडतो, म्हणून आपल्याकडच्या इतक्या रिपोर्टांवर ८.१, ८.२, ८.३ हेच आकडे फिरताना दिसतात. सामू साडेआठच्याही वर गेला असेल तर मात्र नुसत्या चुन्याचा खेळ राहत नाही. तिथं सोडियमचा संशय घ्यावा, जमीन चोपण होतेय का बघावं, आणि तिचा इलाज जिप्सम आणि निचरा हा आहे.

"मग गंधक टाकायचंच नाही का?" टाका की. सोयाबीन तेलबिया पीक आहे, गंधक त्याचं अन्न आहे. ओळीत, मुळाजवळ पडलेल्या गंधकानं तिथल्या वितीभर जागेत थोडा फरकही पडतो. फक्त पुढच्या वर्षी रिपोर्टवर ७ येईल म्हणून वाट बघू नका.

पावसातच पिवळेपणा का वाढतो, तेही यातच आलं. चिबडलेल्या काळ्या जमिनीत मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड कोंडतो, तो चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढवतो आणि मुळांना लोह आणखी अवघड होतं. जुनी माणसं म्हणतात, वाफसा आला की पीक आपोआप हिरवं होतं. बऱ्याचदा होतंच, कारण कोंडलेला वायू निघून जातो. धीर नसेल तर पानांवर लोहाची फवारणी करा, ती जमिनीच्या गोदामाला वळसा घालून जाते. जमिनीतून लोह द्यायचं झालं तर चिलेट, म्हणजे लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग, बघून घ्या. ईडीटीएवालं लोह साडेसहाच्या पुढं टिकत नाही, आपल्या सामूला ईडीडीएचएवालंच टिकतं. ते महाग असतं, हा त्यातला काटा.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, सामू त्यात आहे. मुक्त चुना त्या बारांत नाही. प्रयोगशाळेत वेगळा मागितला तर तपासून मिळतो, मागून घ्या. दोन शेतांचा सामू ८.२ असेल आणि एकात दोन टक्के चुना, दुसऱ्यात पंधरा टक्के, तर ती दोन वेगळी शेतं आहेत. घरी अंदाज घ्यायचा तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर टाकून कान लावा. जोरात फसफसलं तर गोदाम मोठं.

जारचं पाणी 'आम्लयुक्त' आहे म्हणे

दर उन्हाळ्यात हा मेसेज फिरतो. कुणीतरी जारच्या पाण्यात मीटर बुडवतो, ६.३ दाखवतो, आणि शेवटी अल्कलाइन पाण्याचं हजारो रुपयांचं मशीन विकतो.

आरओच्या पाण्यातून बायकार्बोनेट काढून टाकलेलं असतं. गोदामच नाही. हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळला की सामू साताच्या खाली येतो, पावसाच्या पाण्याचाही असाच येतो. त्या पाण्यात आम्ल म्हणून असतं ते नगण्य. त्यातले क्षार गेले ते चांगलं की वाईट, यावर वाद घालता येईल. पण तो वाद क्षारांचा आहे, सामूचा नाही.

उलट बाजूही बघा. सामू ९ चं पाणी, बाकी काही न मिसळलेलं, एक लिटर प्यायलात. जठररसाचा सामू २ धरला तर त्या अख्ख्या लिटरमधली आम्लारी मारायला जठररस लागतो एक मिली. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. पोटाच्या पुढं त्या पाण्याचा सामू जातच नाही.

रक्ताचं गोदाम आणि त्याचं मागचं दार

आणि पोटातून पुढं गेलं असतं तरी रक्तात बफर आहेच. तोही बायकार्बोनेटचाच, मामांच्या बोअरसारखा. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो.

इथं हुशार पोरं मला पकडतात. "सर, शरीराच्या तापमानाला याचा मधला भाव ६.१ आहे. रक्त ७.४ ला आहे. मधल्या भावापासून इतकं लांब गेलं की बफर कमजोर होतो असं तुम्हीच सांगितलं." बरोबर आहे. रक्तात रिकामे खण २४ आणि भरलेले फक्त १.२ (लिटरमागं मिलिमोल), वीसास एक. कागदावर हे गोदाम अगदीच एकांगी.

आता त्यात लिटरमागं १० मिलिमोल आम्ल येऊ द्या. बंद बाटलीत रिकामे खण १४ राहतील, भरलेले ११.२ होतील, आणि सामू ६.२ होईल. त्या सामूला माणूस जगत नाही. पण शरीर बंद बाटली नाही. भरलेला खण म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि फुप्फुसं तो सतत बाहेर टाकतात. भरलेले खण १.२ वरच ठेवले तर सामू ७.१७. श्वास वाढवून ते ०.९ वर आणले तर ७.२९. मामांच्या बादलीतून जो वायू रात्रभर निघून गेला आणि सामू वर चढला, तेच काम छाती मिनिटाला पंधरा-सोळा वेळा करते. मूत्रपिंडं मागून सावकाश, तासादिवसांच्या हिशोबानं, रिकामे खण नव्यानं बांधून देतात.

या गुणोत्तराचा विचार हेंडरसन या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये मांडला आणि हॅसेलबाल्क या डॅनिश डॉक्टरनं १९१६ मध्ये त्याला सामूच्या भाषेत बसवलं. पोरं ज्या सूत्राला घाबरतात ते हेच. ते रक्तासाठी जन्माला आलं हे त्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून साखरेचा पेशंट, विशेषतः इन्सुलिन चुकलेला, खोल आणि जोरजोरात श्वास घ्यायला लागला, उलट्या होतायत, सुस्त पडलाय, तर दम लागलाय म्हणून पंखा लावत बसू नका. रक्तात आम्ल साठतंय आणि छाती मागच्या दारानं माल फेकतेय, असं ते असू शकतं. बाहेरून तो बराच वेळ 'ठीक' दिसतो. अकरावा डोस कधी पडेल सांगता येत नाही, सरळ दवाखाना गाठा.

जुलाबात उलटं नुकसान होतं, रिकामे खणच वाहून जातात. ओआरएसच्या पुडीत मीठ-साखरेबरोबर ट्रायसोडियम सायट्रेट असतं, लिटरला २.९ ग्रॅम. शरीर त्याचं बायकार्बोनेट करून घेतं. लिंबूसत्वाच्याच घराण्यातला पदार्थ तिथं खण परत बांधायचं काम करतो. घरच्या मीठ-साखरेच्या पाण्यात तो नसतो, त्यामुळं पुडी हाताशी असेल तर पुडीच वापरा.

घरी करून बघायचं असेल तर

गोकर्णाची निळी फुलं सात-आठ घ्या, पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा, गडद निळा अर्क निघेल. दोन पेल्यांत अर्धा-अर्धा पेला पाणी घ्या, एकात जारचं, दुसऱ्यात बोअरचं. दोन्हींत तो अर्क चमचाभर टाका. बोअरच्या पेल्यात निळ्याला किंचित हिरवट झाक येईल.

आता ड्रॉपरनं लिंबाचा रस सोडा आणि थेंब मोजा. जारच्या पेल्याला आठ-दहा थेंबांत जांभळी छटा येते. बोअरच्या पेल्यात पाऊण चमचा रस जाईपर्यंत रंग हटून बसतो, आणि मग थोड्याच थेंबांत पालटतो. मामांकडं केला तेव्हा त्यांनी रस संपल्यावर आणखी दोन लिंबं चिरली, पण रंग पालटल्याशिवाय उठले नाहीत. फुलं मात्र शेजारच्या कुंपणावरची होती, आणि ती पूजेसाठी राखून ठेवलेली निघाली. आधी विचारून तोडा.